विधवेचे निवृत्तिवेतन: मेहेरबानी की हक्काचा वाटा?

थ्रेड

१/ जुलै १८६२. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले असताना तेथील काँग्रेसने निवृत्तिवेतनाचा कायदा संमत केला. युद्धात कामी आलेल्या साध्या शिपायाच्या विधवेला दरमहा ८ डॉलर मिळू लागले. अट एकच: तिने पुनर्विवाह केला, की वेतन बंद.

२/ काही विधवांनी वेतन राखण्यासाठी लग्न टाळले. मग १८८२ च्या कायद्याने ती वाटही अडवली. विधवा परपुरुषासह उघडपणे राहत असल्याचे सिद्ध झाल्यास वेतन थांबे. सरकारी चौकशी अधिकारी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे तिच्या वर्तनाची विचारपूस करू लागले. शिपायाने मात्र दुसरे लग्न केले, म्हणून त्याचे वेतन थांबत नसे.

३/ घटस्फोटितेचा प्रश्न याहून बिकट होता. मॅकार्टी विरुद्ध मॅकार्टी या खटल्यात कॅलिफोर्नियातील न्यायालयाने एका लष्करी डॉक्टरच्या निवृत्तिवेतनात पत्नीचा वाटा मान्य केला. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला.

४/ काँग्रेसने पुढच्याच वर्षी कायदा बदलला. लष्करी निवृत्तिवेतन ही वैवाहिक मालमत्ता मानून तिची वाटणी करण्याची मुभा राज्यांच्या न्यायालयांना मिळाली. बदलीच्या गावोगावी घर सांभाळणाऱ्या, त्यापायी स्वतःची नोकरी सोडणाऱ्या पत्नीचे श्रम हिशेबात धरले गेले.

५/ तरीही जुनी अट पुरती मिटलेली नाही. वाटणीत मिळालेला हिस्सा पुनर्विवाहाने या कायद्यानुसार आपोआप थांबत नाही. परंतु १९७२ च्या योजनेनुसार सैनिकाच्या मृत्यूनंतर मिळणारे वेतन, विधवेने वा घटस्फोटितेने ५५ व्या वर्षापूर्वी पुनर्विवाह केल्यास थांबते.

६/ नवा पती सांभाळणार असेल, तर सरकारने का द्यावे, असा युक्तिवाद केला जातो. मदत गरजेपोटी असेल, तर तो रास्तही ठरेल. परंतु या योजनेसाठी सैनिकाच्या निवृत्तिवेतनातून हप्ते कापले जातात. जे वेतन संसाराची सामायिक मिळकत ठरते, त्यातूनच भरलेल्या हप्त्यांचे फळ मेहेरबानी कसे ठरेल?

७/ १८६२ च्या कायद्याने विधवेला आधार दिला, हे श्रेय त्याचेच. परंतु त्याने तो आधार तिच्या वैधव्याशी बांधला, कष्टांशी नव्हे. ती गाठ १९८२ मध्ये सैल झाली. सुटलेली मात्र नाही.