लहान टाकीत कोणाला घर द्यावे?



ईद झाली की मुलांची ईदी मोजली जाते आणि तिचे काय करायचे यावर घराघरांत वाद रंगतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या धाकट्याने आपली आणि आपाची ईदी एकत्र करून जाहीर केले, "मला निमो पाहिजे." २००३च्या त्या कार्टून सिनेमातला नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा मासा त्याच्या डोक्यात बसला होता. आम्हीही फार विचार केला नाही. जुम्माच्या संध्याकाळी दुकानात गेलो, चाळीस लिटरची टाकी घेतली आणि दुकानदाराने दाखवले ते सगळे उचलले. एक निमो, एक निळा डोरी, दोन चमकदार डॅमसेल आणि एक समुद्रफूल. "उद्या सोडा, काही होत नाही," असे तो म्हणाला. आम्ही दुसऱ्या दिवशी सोडले.

चौथ्या दिवशी समुद्रफूल विरघळू लागले, पाणी दुधासारखे झाले आणि आठव्या दिवशी टाकीत एकही जीव उरला नाही. धाकटा त्या रात्री जेवला नाही. तेव्हा रत्नागिरीहून आलेली दादी आमच्याकडे होती. तिने मुलाला जवळ घेतले आणि आम्हाला सुनावले, "समुद्रात तो आपला आपण पोट भरत होता. तुम्ही त्याला काचेत आणला, म्हणजे त्याचं सगळं तुमच्या गळ्यात आलं. विचारून आणायला नको होतं का?"

चार महिने टाकी माळ्यावर पडून होती. त्या चार महिन्यांत आम्ही जे विचारायला हवे होते ते विचारले, वाचले आणि पुन्हा सुरुवात केली. ती दुसरी टाकी आजही दिवाणखान्यात आहे. अनेक भगिनी याबद्दल विचारतात, म्हणून या महिन्याचे सदर त्यासाठीच.

आधी घर, मग पाहुणे

नव्याने सुरुवात करणाऱ्याने फार छोटी टाकी घेऊ नये. पाणी कमी असले की ते लवकर बिघडते. आमची दुसरी टाकी दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच आहे. तिच्यात साधारण ८८ लिटर मावते. दगड आणि वाळू टाकल्यावर खरे पाणी ७५ लिटरच्या आसपास उरते. पुढचा सगळा हिशेब या मापाच्या टाकीचा आहे.

आमचे मासे का मेले? मासा पाण्यातच मलमूत्र टाकतो, उरलेले अन्न कुजते आणि त्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विष आहे. दगडावर आणि वाळूत वाढणारे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट करतात, तेही घातकच. मग दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, जे बरेच सौम्य असते आणि पाणी बदलून काढता येते. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा न ठेवता रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकायचे आणि टेस्ट किटने पाणी तपासायचे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तिथेच राहिले की घर तयार झाले. धाकट्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकेक दिवस खोडला. त्याला सांगितलेली ही पहिली गोष्ट होती, की आधी थांबायचे.

पाणी आर.ओ.चे आणि मीठ सागरी टाकीसाठी मिळते तेच. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. प्रमाण लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. कोकणातले वाचक म्हणतील, समुद्र तर दारात आहे, पाणी तिथूनच आणू. पण किनाऱ्यालगतच्या पाण्यात गाळ, सांडपाणी आणि होड्यांचे तेल असते आणि पावसाळ्यात नद्यांमुळे खारटपणाही उतरतो. नवख्याने तो मोह टाळावा. खडकांतल्या डबक्यातले मासे आणण्याचाही टाळावा. ते कोणत्या जातीचे, किती वाढणारे, कोणता रोग घेऊन आलेले, हे आपल्याला कळत नाही.

चार प्रश्न

दुकानात कोणताही जीव आवडला की आम्ही आता चार प्रश्न विचारतो. तो वाढून केवढा होतो? काय खातो? शेजाऱ्यांशी कसा वागतो? आणि जन्माला कुठे आला?

आमचा निळा डोरी दुकानात दोन बोटांएवढा होता. पण हा मासा वाढून फूटभर होतो आणि त्याला लांबवर पोहायला जागा लागते. आपल्या मापाच्या टाकीत त्याला ठेवणे म्हणजे घोड्याला गॅलरीत बांधणे. पहिल्या प्रश्नालाच तो बाद झाला असता.

दुसऱ्या प्रश्नाला मँडरिन बाद होतो. निळ्या-केशरी नक्षीचा हा मासा सगळ्यांत देखणा, पण त्याचे पोट दगडांवरच्या अगदी बारीक जिवंत किड्यांवर भरते. लहान, नव्या टाकीत ते किडे काही दिवसांत संपतात आणि बहुतेक मँडरिन दाणेदार खाद्याला तोंड लावत नाहीत. तो मालकाच्या डोळ्यांसमोर हळूहळू उपाशी मरतो.

तिसऱ्या प्रश्नाला डॅमसेल अडतात. स्वस्त आणि चिवट म्हणून ते नवख्यांच्या गळ्यात मारले जातात. पण मोठे झाले की ते सगळी टाकी आपलीच समजतात आणि नंतर आलेल्या प्रत्येकाला हुसकावतात. लायनफिश तर लहान मासे गिळतो, शिवाय त्याच्या काट्यांत विष असते. मुलांच्या घरात तो नकोच.

चौथा प्रश्न आम्हाला पूर्वी सुचलाच नव्हता. दुकानातले बहुतेक खाऱ्या पाण्यातले मासे समुद्रातून पकडलेले असतात. इंडोनेशिया आणि फिलिपाइन्समध्ये तर सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याचे प्रकार झाले आहेत. त्यात मासाही कमजोर होतो आणि आजूबाजूचे प्रवाळही मरते. म्हणून पैदास केंद्रात जन्मलेला मासा मागावा. तो काचेला आणि दाणेदार खाद्याला सरावलेला असतो. क्लाउनफिशच्या बाबतीत हे सहज शक्य आहे. तमिळनाडूत मंडपम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास यशस्वी केली आहे आणि आपल्याकडे ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही हे काम झाले आहे.

याच प्रश्नाला जोडून कायद्याची गोष्ट. समुद्रघोडे, प्रवाळ आणि समुद्रकाकडी यांना आपल्या देशात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. कोणी "गुपचूप मिळेल" म्हणाले तरी घेऊ नका. वाळलेले प्रवाळही शोभेसाठी आणू नका. टाकीत दगड हवा असतोच, त्यासाठी कृत्रिम सच्छिद्र दगड मिळतो आणि जिवाणू त्यावर उत्तम वाढतात.

आमच्या टाकीतली माणसे

धाकटा त्यांना माणसेच म्हणतो. ती अशी आली.

सर्वांत आधी पाच गोगलगायी. काचेवरचे आणि दगडावरचे शेवाळ त्या खातात. त्यांच्यासोबत रिकाम्या शंखात राहणारे दोन छोटे खेकडे आणले, ज्यांना दुकानात हर्मिट क्रॅब म्हणतात. हे खेकडे वाढले की त्यांना मोठा शंख लागतो. तो मिळाला नाही तर गोगलगायीला मारून तिचा घेतात. म्हणून आम्ही निरनिराळ्या मापांचे रिकामे शंख वाळूत ठेवले आहेत.

मग पाठीवर लाल-पांढरा पट्टा असलेली क्लीनर कोळंबी. ती माशांच्या अंगावरची घाण टिपते. आल्यावर काही आठवड्यांनी एका सकाळी आपाने आरडाओरडा केला, कोळंबी मेली म्हणून. दगडापाशी तिचा पांढरा देह पडला होता. धाकटा रडकुंडीला आला. थोड्या वेळाने दगडामागून कोळंबी स्वतः बाहेर आली. तिने कात टाकली होती. कोळंबी अशी वरचेवर कवच बदलते, हे आम्हाला तेव्हा कळले. तुमच्याकडे असे झाले तर घाबरू नका.

त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी पिवळा वॉचमन गोबी. आपल्या खाडीतल्या निवट्यांचा हा दूरचा भाऊबंद, बोटभर लांबीचा आणि शांत स्वभावाचा. समुद्रात तो पिस्तूल कोळंबीबरोबर एका बिळात राहतो. कोळंबीला फारसे दिसत नाही. ती बीळ खणते आणि मिशी माशाला टेकवून ठेवते. मासा दारात पहारा देतो आणि धोका दिसला की शेपटी हलवतो, मग दोघेही आत. ही जोडी टाकीतही जमू शकते. गोबी कधी कधी उडी मारतात, म्हणून टाकीवर बारीक जाळीचे झाकण हवेच.

शेवटी निमो, तेही दोन. ते शेवटी, कारण क्लाउनफिश आपल्या जागेबद्दल हट्टी असतात. आधी आले तर बुजऱ्या गोबीला स्थिरावू देत नाहीत. दोन लहान पिल्ले घ्यावीत, एक थोडे मोठे. हे मासे जन्मतः नर असतात आणि जोडीतला मोठा पुढे मादी होतो, त्यामुळे जोडी आपोआप जमते. तिसरा आणू नये, त्याला हाकलून मारतात. आणि समुद्रफुलाची गरज नाही. त्याला प्रखर दिवा आणि जुनी, स्थिरावलेली टाकी लागते आणि ते मेले की आमच्या पहिल्या टाकीचे झाले तेच होते. आमची जोडी एका कुंडीच्या तुकड्यापाशी सुखाने राहते.

बस. तीन मासे, एक कोळंबी, दोन खेकडे, पाच गोगलगायी. पाहुणे विचारतात, "एवढ्या जागेत अजून चार मावतील की." मावतील, पण टिकणार नाहीत. फार तर गोबीऐवजी एक बांगाई कार्डिनल घेता येईल. इंडोनेशियाच्या बांगाई बेटांजवळ राहणारा हा काळ्या पट्ट्यांचा मासा. त्याचा नर अंडी तोंडात सांभाळतो आणि तेवढे दिवस उपाशी राहतो. समुद्रात तो धोक्यात आलेला आहे, म्हणून पैदास केलेलाच घ्यावा.

घेताना आणि घेतल्यावर

दुकानात मासा किमान आठवडाभर राहिलेला असावा. आपल्यासमोर त्याला खायला घालायला सांगा. खात नसेल, धापा टाकत असेल, अंगावर पांढरे ठिपके असतील, तर दया म्हणूनही घेऊ नका. नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवावा. औषध द्यायचे झाले तर तिथेच द्यावे, कारण ठिपक्यांवरच्या तांब्याच्या औषधाने कोळंबी आणि गोगलगायी मरतात.

आठवड्याला साधारण आठ लिटर पाणी बदलायचे. पाणी उडून कमी झाले तर भर गोड्या पाण्याची घालायची, कारण मीठ उडत नाही, मागेच राहते. तापमान २५ ते २७ अंश असावे. मे महिन्यात आम्ही पाण्यावर छोटा पंखा लावतो. वीज जाते त्या भागात बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ ठेवावा. खाणे दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. रमजानमध्ये घराचे वेळापत्रक बदलते, माशांचे बदलू देऊ नका. गावी जाताना आपा रोजच्या खाद्याच्या पुड्या बांधून शेजारच्या खालांकडे देते, कारण प्रेमाने जास्त घातलेले खाणेच पाणी नासवते.

आणखी एक गोष्ट घेण्याआधी घरात सर्वांनी बसून बोला. नीट सांभाळला तर क्लाउनफिश दहा वर्षांहून जास्त जगतो. आज पाचवीतल्या मुलासाठी आणलेला मासा तो कॉलेजात गेल्यावरही टाकीत असेल. मूल कंटाळेल, परीक्षा येतील, घर बदलेल. तेव्हा बादली कोण उचलणार? याचे उत्तर घरात कोणाकडेच नसेल, तर यंदाची ईदी सायकलला द्यावी.

आमच्याकडे मागच्या ईदला धाकट्याने पुन्हा ईदी मोजली. आम्हाला वाटले, आता आणखी एक मासा मागणार. त्याने पैसे आपाच्या हातात दिले आणि म्हणाला, "मीठ संपत आलंय."