गुंडाळागुंडाळी
भाच्याने मांडवीत फिरायला १८ फुटी शिडाची होडी घेतली, आणि आठवडाभर आमच्याकडे एकच वाद: पुढचं शीड आकड्यांनी तारेला अडकवायचं, की रोलर फर्लर बसवायचा? फर्लर म्हणजे खाली दोराचा ढोल, वर फिरकी आणि पुढच्या ताणतारेवर चढवलेली ॲल्युमिनियमची नळी. मागे बसल्या जागी दोर ओढला की शीड चटईसारखं गुंडाळलं जातं. ऐकायला झकास. पण मराठीत ‘गुंडाळणे’चा दुसरा अर्थही आहे, तो विक्रेत्यांना चांगला ठाऊक असावा. शीड चढवायचा दोर वरच्या टोकाशी तारेला समांतर गेला, तर फिरकीऐवजी तोच तारेला विळखा घालतो, आणि ऐन वाऱ्यात शीड ना उघडत ना मिटत. त्या दोघांत साधारण १० अंशांचा कोन लागतो, हे दुकानात कोण सांगतो? शिवाय अर्धं गुंडाळलेलं शीड पोत्यासारखं फुगतं. बारमाही तारेवर राहिलेल्याची कड उन्हाने कुजते, म्हणून तिला जाड कापडाची पट्टी शिवा. ढोलातलं मीठ गोड्या पाण्याने धुवा. तीस फुटी होडी असती, किंवा गुडघे माझे असते, तर फर्लर डोळे मिटून घ्या म्हटलं असतं. डबल बेडच्या चादरीएवढ्या शिडाला आकडेच बरे. “मामा, तू जुन्या वळणाचा,” म्हणत पठ्ठ्याने काल ढोल आणलाच, आणि दिवाणखान्यातल्या पडद्यावर प्रयोग केला. पडदा अजून उलगडलेला नाही.