खेळाडूची विद्या शाळेत कधी येणार?

१९६८ पूर्वी विंबल्डनसारख्या स्पर्धा हौशी खेळाडूंसाठीच राखून ठेवलेल्या होत्या. पैसे घेऊन जो टेनिस शिकवी तो ‘व्यावसायिक’ ठरून या स्पर्धांना मुकत असे. शिक्षक होणे हीच अपात्रता! आपल्याकडील जिमखान्यांत सभासदांना सराव देणाऱ्यास ‘मार्कर’ म्हणत. खेळात तो पुष्कळांना भारी असे, पण त्याची जागा नोकरवर्गात. स्पर्धांतील तो भेद १९६८ साली मिटला. खेळ शिकविणारा मनुष्य दुय्यम, ही समजूत मात्र आपल्या शिक्षणव्यवस्थेत अद्याप टिकून आहे.

थोर बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर तरुणपणी टेनिस खेळत. कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले. त्यांचे पुत्र गौरव यांनी टेनिसच धरले आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेससह दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. व्यावसायिक टेनिसमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी नव्या पिढीला खेळ शिकविण्याचे काम हाती घेतले. अंगी मुरलेली विद्या वाया गेली नाही, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु अशी सोय बहुधा मुंबई-पुण्यासारख्या शहरांत, आणि फी देऊ शकणाऱ्यांसाठीच असते. यवतमाळ जिल्ह्यात पुसद, उमरखेड वा झरी-जामणीच्या कापूस पिकविणाऱ्या घरातील मुलाने ती कोठे शोधावी? शाळेतील खेळाचा तास म्हणजे परीक्षा जवळ आली की गणिताकडे जाणारा तास, हे शिक्षकांना सांगावयास नको.

शासकीय नोकऱ्यांत राज्याने खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखल्या आहेत, हे योग्यच झाले. कचेरीतील कामही हलके नव्हे. पण पंधरा वर्षे मैदानावर घाम गाळून मिळविलेले ज्ञान आवक-जावक नोंदवहीच्या कामी कितीसे येणार? अशा इच्छुक कर्मचाऱ्यांना काही वर्षे तालुक्याच्या शाळांत प्रतिनियुक्तीवर का पाठवू नये?

चांगला खेळाडू चांगला शिक्षक असतोच असे नाही, ही शंका रास्त आहे. शिकविणे हे वेगळे शास्त्र आहे. त्यासाठीच १९६१ साली स्थापन झालेल्या पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. आणि इतक्या दूर तरी कशाला जावे? शेजारच्या अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. शारीरिक शिक्षणाची एवढी जुनी परंपरा ज्या विभागात आहे, त्याने शिक्षक मिळत नाहीत अशी तक्रार करावी हे विचित्रच.

खर्चाचा व पदांचा प्रश्न निघेल. तो मंत्रालयात सुटावयास वेळ लागेल. तोवर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाने खेळाडूंच्या राखीव जागांवर जिल्ह्यात नेमलेल्या कर्मचाऱ्यांची खेळनिहाय यादी करावी आणि शिकविण्याची तयारी कोणाची आहे ते विचारावे. ती यादी पुढील शैक्षणिक वर्षापूर्वी जिल्हा परिषदेपुढे ठेवण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.