दोष पतंगाचा नाही

उर्दू शायरीत परवाना शमेवर झेप घेतो, जळून मरतो आणि त्या मरणाला आपण प्रेम म्हणतो. ऑस्ट्रेलियातल्या बोगाँग पतंगाची हकीकत पाहिली, की ही कल्पना आपल्याच सोयीची आहे असं वाटू लागतं.

हा तपकिरी रंगाचा, अगदी साधा दिसणारा पतंग. क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाच्या मैदानांत तो हिवाळ्यात अळीच्या रूपात मातीत वाढतो. वसंतात पंख फुटले, की रात्री उडत उडत हजार किलोमीटरपर्यंतचं अंतर कापून, पूर्वी कधीही न पाहिलेल्या ऑस्ट्रेलियन आल्प्समधल्या थंड गुहा गाठतो. उन्हाळाभर तिथे निपचित राहतो, नंतर परततो, अंडी घालतो आणि मरतो. पृथ्वीचं चुंबकत्व आणि आकाशातले तारे त्याला वाट दाखवतात, असं संशोधनातून दिसलं आहे. ताऱ्यांचा हा शोध २०२५ सालचा.

एकेकाळी हे पतंग अब्जावधींनी येत. २०१७ पासूनच्या भीषण दुष्काळात अनेक गुहा जवळजवळ रिकाम्या राहिल्या. २०२१ मध्ये आययूसीएनने त्याला संकटग्रस्त ठरवलं. हानी एकट्या पतंगाची झाली नाही. जेमतेम पंचेचाळीस ग्रॅमचा पर्वतीय पिग्मी पॉसम हिवाळी झोपेतून उठतो तो याच पतंगांच्या भरवशावर. पतंग आले नाहीत, तेव्हा पॉसमच्या माद्यांच्या पोटपिशवीतली पिल्लं दगावली. तिथले आदिवासी पिढ्यानपिढ्या या पतंगांसाठी डोंगरावर जमत, ते भाजून खात. क्लॉग्ज गुहेत सापडलेल्या सुमारे दोन हजार वर्षं जुन्या दगडी पाट्यावर त्यांचे अंश मिळाले आहेत.

कुणी म्हणेल, याची अळी पिकं कुरतडते, मग कळवळा कशाला? आपल्याकडेही हरभऱ्याची रोपं कापणारी अळी याच कुळातली. शेतकऱ्याचं नुकसान खोटं नाही. पण शेतात कीड आवरणं वेगळं आणि अख्खी जात संपू देणं वेगळं.

दुष्काळ, तापमानवाढ, कीटकनाशकं, नांगरली गेलेली गवताळ मैदानं ही कारणं एका दिवसात दूर होणार नाहीत. दिव्यांचं तसं नाही. कॅनबेराच्या संसद भवनाच्या झगमगाटात वाट चुकलेले पतंग लाखोंनी अडकत आले आहेत. म्हणूनच व्हिक्टोरियातल्या प्राणिसंग्रहालयांनी लोकांना वसंतात घराबाहेरचे दिवे बंद ठेवायला सांगितलं. आपल्या गावांत, शहरांत तरी रात्रभर जळणारे किती दिवे खरंच गरजेचे असतात? मशीद असो, मंदिर असो, मॉल असो, रोषणाई केली म्हणजे शोभा वाढली असं आपण धरून चालतो.

परवाना मरायला निघालेला नसतो. तो ताऱ्यांच्या आधाराने आपल्या वाटेने चाललेला असतो. मध्ये दिवा आपण लावलेला असतो, आणि तो विझवणं आपल्याच हातात आहे.