मांडव्याचा चिवट धावपटू

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे दुष्काळी गाव. इथल्याच धावपटू अविनाश साबळेचे आईवडील वीटभट्टीवर राबायचे आणि पोरगा सहा किलोमीटर तुडवत शाळा गाठायचा. पुढे लष्करात त्याने सियाचिनची थंडी सोसली.

२०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, रौप्य त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंदांत पटकावलं. सुवर्ण हुकलं अवघ्या ०.०५ सेकंदाने! १९९८पासून या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच नेत होता; ती सद्दी त्याने मोडली.

कष्टांनी त्याला चिवट केलं, हे खरंच. पण खुराक, प्रशिक्षक आणि सराव मिळाला तो लष्करात. गरिबीचे गोडवे पुरे झाले. आता प्रत्येक दुष्काळी तालुक्याला धड मैदान आणि जाणता प्रशिक्षक मिळालाच पाहिजे.