ओसरीवरून : श्रावणांतला बर्फ

गेला महिनाभर आमच्या घरीं एक वही या हातांतून त्या हातांत फिरत आहे. ती आहे माझ्या धाकट्या भावाच्या मुलीची. मुलगी पुण्यास नोकरी करते, वय सव्वीस. गेलीं तीन वर्षें हिवाळ्यांत रजा काढून ती काश्मिरांत गुलमर्गला जाते आणि पायांना लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत येण्याची विद्या शिकते. या विद्येस स्कीइंग म्हणतात. परभणीच्या माणसाला ती समजावून सांगणें कठीण. थंडी आम्हांला अपरिचित नाहीं. येथील कृषि विद्यापीठाच्या वेधशाळेंत पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरल्याच्या नोंदी आहेत. परंतु बर्फ म्हटला कीं आमच्या डोळ्यांपुढें येतो तो रसवंतीवरील, पोत्यांत गुंडाळलेला.

मुलीची अडचण खरी होती. गुलमर्गचा हंगाम जानेवारी ते मार्च. पुढच्या नऊ महिन्यांत शिकलेलें अंगांतून निघून जातें. पण विषुववृत्ताच्या पलीकडे हिवाळा येतो तो आपल्या आषाढ-श्रावणांत, आणि दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेनें सात हजार किलोमीटर लांबीची अँडीजची रांग उभी आहे. तेव्हां ऑगस्टांत तिकडे जावें आणि अठरा दिवसांत चार ठिकाणें करावीं, असा बेत तिनें वहींत मांडला होता : चिली देशांतील वाले नेवादो व पोर्तियो, अर्जेंटिनांतील लास लेन्यास व बारिलोचे. शेवटच्या पानावर खर्चाचा तक्ता होता आणि त्याखालीं बारीक अक्षरांत एक ओळ : ‘माझी शिल्लक पुरत नाहीं. बाबांनीं माझ्या लग्नासाठीं ठेव ठेवली आहे, तींतून थोडी रक्कम घेतां येईल का?’

या एका ओळीनें घरांत जें झालें तें सगळें सांगण्यांत अर्थ नाहीं. मुलीची आई दोन दिवस कोणाशीं नीट बोलली नाहीं. मागच्या खेपेस गुलमर्गला मुलीचा गुडघा मुरगळला होता, तो तिच्या मनांतून गेलेला नव्हता. पण ती बोलत होती ती ठेवीबद्दल. भाऊ सवयीप्रमाणें गप्प. आमच्या घरांतील मंडळींनीं मात्र स्वयंपाकघरांतूनच निकाल दिला, “ठेव तिच्या नांवाची ना? मग ती विचारते आहे हाच तिचा चांगुलपणा.” माझी आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. तिनें सर्वांचें ऐकून घेतलें आणि एकच शंका काढली, “घसरून खालीं आल्यावर हिला पुन्हा वर कोण नेऊन सोडतो?” लोखंडी दोरावर टांगलेले पाळणे माणसांना वर नेतात असें मीं सांगितलें, तेव्हां तिचें समाधान झालें.

वही अखेर माझ्याकडे आली. मीं चाळीस वर्षें शाळेंत भूगोल शिकविला आहे, आणि घरांतील काशी-रामेश्वरापासूनच्या सर्व यात्रांचें वेळापत्रक मींच आंखीत आलों आहें. पैशाविषयीं मत देण्यापूर्वीं बेत तपासावा असें ठरवून नकाशा उघडला, आणि दुसऱ्याच संध्याकाळीं ध्यानांत आलें कीं पोरीनें बर्फाचा हिशेब केला आहे, रस्त्याचा केलेला नाहीं.

मुंबईहून चिलीची राजधानी सांतियागो येथें थेट विमान नाहीं; मध्यें बदलावें लागतें. जाण्याचे दोन व येण्याचे दोन दिवस तेथेंच गेले. वाले नेवादो सांतियागोच्या जवळ, डोंगरावर तीन हजार मीटर उंचीवर. तेथवर ठीक. त्यानंतर पोर्तियो, आणि पोर्तियोहून खिंड ओलांडून अर्जेंटिनांत मेंदोसा, मेंदोसाहून चारशें किलोमीटर दक्षिणेस लास लेन्यास, आणि लास लेन्यासहून हजाराच्या आसपास किलोमीटर आणखी दक्षिणेस बारिलोचे! परभणीहून मुंबई साडेपांचशें किलोमीटर. तेवढ्यानें आपलें अंग मोडून येतें. मीं एकेक दिवस मांडून पाहिला. अठरांपैकीं बर्फावर पाय ठेवण्यास मिळत होते सात. बाकीचे विमानांत, मोटारींत आणि सामान बांधण्यांत.

पोर्तियोबद्दल थोडें विस्तारानें लिहितों, कारण त्या ठिकाणीं माझेंही मन गुंतलें. आपल्याकडील रुंद रुळांचें माप १६७६ मिलिमीटर आहे. नेमकें हेंच माप चिलीच्या आणि अर्जेंटिनाच्या मोठ्या लोहमार्गांचें. परंतु मध्यें अँडीज आला तेथें रुंद गाडी सोडून मीटरच्या अरुंद रुळांवरील, दांत्यांच्या आधारानें चढणाऱ्या गाडींत बसावें लागे. डोंगर उतरला कीं पुन्हा रुंद गाडी. हा मार्ग १९१० सालीं सुरू झाला. परभणीकरांना या प्रकाराचें नवल वाटूं नये. नव्वदीच्या दशकांत आमचे रूळ रुंद होईपर्यंत मनमाडला ट्रंका उतरवून गाडी बदलण्याचा जाच आम्हीं पिढ्यान् पिढ्या भोगला आहे! तर या डोंगरी लोहमार्गाच्या आंखणीसाठीं आलेल्या नॉर्वेजियन इंजिनियरांनींच तेथें प्रथम स्की वापरल्या, आणि त्या मार्गावर, एका सरोवराच्या कांठीं, पुढें पोर्तियो वसलें. वसलें म्हणजे गांव नव्हे. १९४९ सालीं उघडलेलें एक मोठें पिवळें हॉटेल, सुमारें साडेचारशें पाहुण्यांपुरतें. दुकान नाहीं, बाजार नाहीं. पाहुणे शनिवारीं येतात, पुढच्या शनिवारीं जातात, आणि जेवणखाण सर्व तेथेंच. १९६६ च्या ऑगस्टांत या खेळाची जागतिक स्पर्धा तेथें झाली. दक्षिण गोलार्धांत अशी स्पर्धा त्यापूर्वीं झालेली नव्हती, आणि पुढेंही झालेली नाहीं. आदल्याच वर्षीं ऑगस्टांत वादळ होऊन हिमकडे कोसळले होते व पाळण्यांचे खांब मोडून पडले होते. ते वर्षाच्या आंत पुन्हा उभे करावे लागले.

मला अडविलें तें याच गोष्टीनें. गाडी बंद होऊन आतां दशकें लोटलीं. खिंडींतून मोटाररस्ता व बोगदा आहे. चिलीच्या बाजूचा घाट वळणावर वळण रचलेला असल्यानें त्याला तेथें ‘गोगलगाई’ असें नांव आहे. हिवाळ्यांत वादळ आलें कीं ही खिंड बंद होते. कधीं एक दिवस, कधीं पांच, कधीं त्याहून अधिक. मुलीच्या बेतांत पुढील दोन्ही ठिकाणांचा प्रवास या एका दारांतून जात होता, आणि दार लागलें तर काय करावयाचें यासाठीं एकही मोकळा दिवस ठेवलेला नव्हता. आणखी एक गंमत अशी कीं बर्फ हवा तर वादळ हवें, आणि वादळ आलें कीं रस्ता जातो!

लास लेन्यासचा उतार कुशल लोकांत प्रसिद्ध आहे. पण तेथील उत्तम भागाकडे नेणारा पाळणा वाऱ्यामुळें व कड्यांच्या भीतीनें वारंवार बंद ठेवतात असें वाचलें. बारिलोचे सरोवराच्या कांठीं, सुंदर. परंतु तेथील डोंगराचा पायथा जेमतेम हजार मीटरांवर, म्हणून खालच्या उतारावर कधीं कधीं बर्फाऐवजीं पाऊस. पाऊस आमच्या येथें फुकट आहे. शिवाय अर्जेंटिनाहून भारतांत परतणाऱ्यास पीतज्वराची लस टोंचल्याचा दाखला लागतो; नसल्यास विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलग ठेवतात. लस निदान दहा दिवस आधीं घ्यावी लागते, आणि ती गल्लोगल्लीं मिळत नाहीं. केवळ चिलीला जाऊन युरोपच्या वाटेनें परतल्यास ही भानगड नाहीं.

मुलीला फोनवर हें सगळें सांगितलें. प्रथम ती हिरमुसली. “काका, एवढ्या लांब जायचं आणि दोनच ठिकाणं?” मीं म्हटलें, “तुला ठिकाणें मोजावयाचीं आहेत कीं उतार शिकावयाचा आहे?” यावर ती बराच वेळ गप्प होती. तिसऱ्या दिवशीं तिनें नवा तक्ता पाठविला. सांतियागोस एक रात्र विश्रांति, कारण आमच्या सखल मुलखांतील माणसानें एकदम तीन हजार मीटरांवर जाऊन धांवपळ करूं नये. मग वाले नेवादो पांच दिवस, पोर्तियो शनिवार ते शनिवार सात दिवस, एक दिवस कोरा. जुलैंत तेथील शाळांना हिवाळी सुट्टी असते व दर चढतात, म्हणून ऑगस्टचा उत्तरार्ध. २०२६ सालीं ज्येष्ठ अधिक असल्यानें गणेशचतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. गौरींना मुलगी घरीं असेल, ही गोष्ट तक्त्याच्या समासांत तिनें स्वतःच लिहिली होती. स्कीइंगचा अपघात साध्या प्रवास-विम्यांत बहुधा धरलेला नसतो, तो निराळा मागून घेतला आहे, हेंही होतें. ती ओळ तिच्या आईसाठीं होती, हें ओळखण्यास भूगोल लागत नाहीं.

मीं एकच भर घातली. तेथें दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, म्हणून बर्फ टिकतो तो दक्षिणेकडच्या उतारांवर. गुलमर्गच्या बरोबर उलट.

दोन ठिकाणें गळल्यानें खर्च इतका उतरला कीं ठेवीस हात लावण्याची गरज उरली नाहीं. घरांत आनंद झाला. वहिनी त्या दिवशीं स्वतःहून बोलली, भावानें पेढे आणले. मी त्या आनंदांत सामील झालों, तरी मनांत एक कुसळ राहिलें आहे. ठेव तिची आहे कीं तिच्या लग्नाची, हा जो प्रश्न त्या पोरीनें सरळ विचारला होता, त्याचें उत्तर आम्हीं कोणीं दिलें नाहीं. माझ्या नकाशानें तो प्रश्न आमच्यापुरता टळला, आणि मी मोठा शहाणा ठरलों. भावाला मीं हें एकांतांत बोलून दाखविलें. तो म्हणाला, “गौरींना ती आली म्हणजे बोलूं.” बोलेल, असें धरून चालतों.

राहतां राहिले डिंकाचे लाडू. चिलीच्या एका बाजूस समुद्र, एका बाजूस अँडीज, उत्तरेस वाळवंट. त्यामुळें तेथील फळबागा बाहेरच्या किडींपासून पुष्कळ अंशीं सुरक्षित आहेत, आणि ती सुरक्षितता राखण्यासाठीं सरकार फार दक्ष असतें. फळें, बियाणें, दुधाचे पदार्थ, मध, जें कांहीं बरोबर असेल तें उतरतांना लिहून जाहीर करावें लागतें, लपविल्यास दंड. आईला हें मुळींच पटलें नाहीं. मग भावानें, जो शेतीचें पाहतो, बोंडअळीची आठवण दिली, तेव्हां म्हणाली, “बरोबर आहे त्यांचें. लिहून द्या, ठेवून घेतले तर घेतले.”

बर्फ पडेल कीं नाहीं याची हमी मात्र वहींत कोठेंच नाहीं. मध्य चिलींत २०१० पासून दीर्घ अवर्षण चालत आलें आहे. बोलिव्हियांतील चाकाल्ताया येथें, पांच हजार मीटरांहून उंच जागीं, लोक पिढ्यान् पिढ्या स्कीइंग करीत. ती हिमनदी २००९ सालीं समूळ नाहींशी झाली. पॅसिफिकचें पाणी तापून ‘एल निन्यो’ येतो तेव्हां मध्य चिलींत बहुधा पाऊस व बर्फ अधिक पडतो. आणि नेमका तेव्हांच आपला पाऊस बहुधा ओढ देतो. १९७२ हें एल निन्योचें वर्ष होतें, २०१५ हेंही. मराठवाड्यांत या सालांविषयीं अधिक सांगावें लागत नाहीं.

हें मीं परवां रात्रीं जेवणानंतर सहज बोललों. काल मुलीचा फोन आला तो आईनेंच घेतला. “आजी, देवाला सांग ना, तिकडे भरपूर बर्फ पडूं दे,” असें ती म्हणाली असावी. जिंतुरच्या बाजूस आमचें थोडें रान आहे, त्यांत कापूस आणि तूर असते. आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, “भरपूर नको ग. तुला घसरायला लागेल तेवढा सांगतें.”