ऐतखाऊ कोण?

शहरांतल्या बेघरांना निवारा द्या, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळते आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती पुन्हा सुनावणीला आली. निवारे किती उभे राहिले आणि किती कागदावरच आहेत, याची झाडाझडती व्हायला हवी होती. गाजला तो वेगळाच सवाल. फुकट रेशन आणि ‘लाडकी बहीण’सारख्या योजनांतून आपण परोपजीवींचा वर्ग तर तयार करत नाही ना, असे न्या. भूषण गवई यांनी विचारले. महाराष्ट्रात शेतीला मजूर मिळत नाहीत, हा दाखलाही दिला. निवडणुकीच्या तोंडावर वाटलेल्या खिरापतींना झोडपायला आमची हरकत नाही. पण तो राग बेघरांवर कशाला?

मजूर कुठे गेले, हे वाघोलीच्या पदपथावर जाऊन पाहावे. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या केसनंद फाट्यावर मद्यधुंद चालकाने पदपथावर झोपलेल्यांच्या अंगावर डंपर घातला. कामाच्या शोधात ही माणसे अमरावतीहून नुकतीच पुण्यात उतरली होती. २२ वर्षांचा एक तरुण आणि दोन चिमुकली जिवानिशी गेली. थोरल्याचे वय दोन वर्षे. २००२ मध्ये वांद्र्यात पदपथावर झोपलेल्यांवर गाडी चढली, तेव्हा चिरडले गेले तेही शेजारच्या बेकरीचे कामगारच होते. दिवसभर कामावर राबायचे आणि रात्री त्याच दारात पथारी टाकायची. यांना ऐतखाऊ म्हणायचे?

बेघर माणूस कामचुकार असतो, हा गैरसमज एकदाचा पुसला पाहिजे. तो मजुरांच्या नाक्यावर उभा राहतो, हातगाडी ओढतो, लग्नात वाढप्याचे काम करतो, भंगार वेचतो, सिग्नलवर गजरे विकतो. त्याला काम मिळते, पण त्या कामाच्या पैशांत खोली मिळत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्याने डिपॉझिट कुठून आणायचे? आणले तरी पारधी कुटुंबाला खोली कोण देतो? स्वस्त खोली मिळते ती शहराबाहेर, आणि नाका तर पहाटेच भरतो. कुणी दारुड्या नवऱ्याचा मार असह्य होऊन बाहेर पडलेली असते, कुणाला मानसिक आजारामुळे घरचा पत्ताच आठवत नसतो. परळला टाटा रुग्णालयाबाहेर उपचार संपेपर्यंत पदपथावर मुक्काम करणारे नातेवाईक तर गावाकडे घर असूनही मुंबईत बेघर असतात. डॉ. भरत वाटवानी यांच्या संस्थेने रस्त्यावर भटकणाऱ्या हजारो मनोरुग्णांना उपचार करून घरी पोहोचवले. त्यासाठी त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सरकारी यंत्रणेला मात्र अशा माणसाला उचलून दुसरीकडे टाकण्यापलीकडे काही सुचत नाही.

हे सगळे न्यायालयाला नवे आहे, असेही नाही. १९८१ च्या ऐन पावसाळ्यात अंतुले सरकारने मुंबईचे पदपथ रिकामे करायला घेतले. माणसे एसटीत कोंबून परत पाठवली. दुष्काळामुळे तमिळनाडूतल्या सेलमहून आलेला एक भूमिहीन मजूर तेव्हा दहिसरच्या रासायनिक कारखान्यात दिवसाला २३ रुपयांवर काम करत होता. त्यालाही सेलमला धाडले. तो परत आला, कारण काम इथेच होते. त्याची ही कहाणी त्या मोहिमेविरुद्धच्या ओल्गा टेलिस खटल्याच्या निकालपत्रात नोंदलेली आहे. १९८५ च्या या निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच मोडतो, असे बजावले. माणसे कामाच्या जवळ म्हणून पदपथावर राहतात आणि पदपथ गेला की काम जाते, हेही मान्य केले. घरे हटवायला मात्र पावसाळ्यानंतरची मुभा दिलीच. चाळीस वर्षे झाली. तेव्हा जे न्यायालयाला दिसले, ते आता का दिसू नये?

आणि ज्या फुकटाचा एवढा गवगवा, ते बेघरांपर्यंत पोहोचते तरी का? ‘लाडकी बहीण’ला आधार लागते, बँक खाते लागते, अधिवासाचा दाखला नाहीतर १५ वर्षांपूर्वीच्या रेशनकार्डासारखा पुरावा लागतो. पदपथावरच्या बाईचे बोचके पालिकेची गाडी उचलून नेते, त्यात स्टोव्हबरोबर कागदही जातात. सरकारी पुनर्वसनाचा न्यायही असाच. झोपडी असेल, तीही ठरलेल्या तारखेच्या आधीची, तर पक्के घर. झोपडी बांधण्याइतकीही ऐपत नसेल, तर हाती भोपळा. जमिनी आणि वाढीव चटईक्षेत्र पदरात पाडून घेणाऱ्या बिल्डरांना मात्र कुणी परोपजीवी म्हणत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक बेघर मोजले गेले, एकट्या मुंबईत सुमारे ५७ हजार. रात्री कोण कुठे झोपतो हे ज्यांना ठाऊक आहे, ते हा आकडा अपुराच मानतात. एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, तोही बारा महिने चोवीस तास उघडा, असे सर्वोच्च न्यायालयानेच २०१० मध्ये सांगितले. त्या हिशेबाने मुंबईत १२४ निवारे हवेत. आज त्याच्या जवळपासही नाहीत. आहेत त्यांतही कुटुंबाने एकत्र राहायची सोय क्वचितच. नवरा एकीकडे, बायको-मुले दुसरीकडे, कामाची हत्यारे ठेवायला जागा नाही, अशा ठिकाणी कोण जाईल? मग ‘बेघरांनाच यायचे नसते’ म्हणायला अधिकारी मोकळे.

केंद्र शहरी गरिबी निर्मूलनाची नवी मोहीम आखत असल्याचे महान्यायवादींनी त्या सुनावणीत सांगितले. आखू दे. राज्य सरकारने तोवर भीक प्रतिबंधाचा १९५९ चा कायदा रद्द करावा. उपजीविकेचे साधन दिसत नसलेला माणूस रस्त्यावर फिरताना आढळला, तर हा कायदा त्यालाही भिकारी ठरवून डांबतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राजधानीपुरती त्यातली शिक्षेची कलमे घटनाबाह्य ठरवली, महाराष्ट्रात मात्र कायदा कायम आहे. आणि न्यायालयाने पुढच्या तारखेला मुंबई, पुणे, नागपूरच्या आयुक्तांकडून वॉर्डवार हिशेब मागावा: नाक्यापासून चालत जाता येतील असे निवारे किती, त्यांत कुटुंबांसाठी किती, आणि उरलेले कोणत्या तारखेपर्यंत उघडणार.